गाडी वळविताना होणारी कटकट : तिची पारख व इलाज

आपल्या मासिकात भाताची रोपे, मिरचीवरील कीड, चिकूची छाटणी, खतांचे प्रमाण इत्यादी विषयांवर जाणत्या मंडळींचे लेख येत असतात. त्यांच्या पंगतीस मोटारगाडीच्या आवाजाविषयीचे हे टिपण पाहून काही वाचकांस ते अप्रस्तुत वाटेल. परंतु वाणगावकडची मिरची आज वाशीच्या बाजारात जाते ती गाडीतून. आजाऱ्यास बोईसर किंवा डहाणूस न्यावयाचे तेही गाडीतूनच. बैलाच्या खुराकडे व खांद्याकडे रोज पाहणारा शेतकरी गाडीच्या चाकामागे मात्र वर्षातून एकदाही डोकावत नाही. म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रस्तुत लेखक यंत्रज्ञ नव्हे. महसूल खात्यातील कारकुनीत त्याची हयात गेली, आणि शिक्षण म्हणावे तर मराठी शाळेतले. तथापि त्या नोकरीने एक क्रम अंगवळणी पाडला. तक्रार आली की प्रथम जबाब घ्यावा, मग स्थळपाहणी करावी, पंचनामा लिहावा आणि शेवटी हुकूम द्यावा. जागा न पाहता हुकूम झाला की रयतेचे नुकसान ठरलेलेच. गाडीच्या बाबतीत हा क्रम मी स्वतः मोडला, व त्याचा दंड भरला. ती हकीकत प्रथम सांगतो.

घडलेली हकीकत

दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी लहान मोटार घेतली. पहिला पावसाळा सरल्यावर आमच्या वाडीतून निघून चिंचणीच्या रस्त्यावर उजवीकडे वळताना डाव्या अंगाने ‘कट्-कट्-कट्’ असा आवाज येऊ लागला. गाडी सरळ झाली की तो थांबे. गाडी एका गॅरेजात दाखविली. तेथील मिस्त्रीने ती उचलून न पाहताच दोष स्टिअरिंगचा ठरविला, आणि टाय रॉडची टोके व दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले. नऊ हजार रुपये गेले. आवाज होता तसाच राहिला. त्यानंतर मी कंटाळून ‘चालते तोवर चालू द्यावी’ असे ठरविले. ही माझी चूक त्या मिस्त्रीच्या चुकीहून मोठी होती.

पौष महिन्यातील एका रात्री नातवास फार ताप चढला. त्यास घेऊन मी व सूनबाई बोईसरकडे निघालो. एका वळणावर गाडी चढास लागते तोच खाडकन आवाज झाला. इंजिन ओरडत होते, पण गाडी जागची हलेना. मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने मुलास व सुनेस पोचविले म्हणून निभावले. मूल बरे झाले. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहतो तो डाव्या चाकामागील रबरी बूट चहूकडून फाटलेला, आतील ग्रीस रिमवर व स्प्रिंगवर उडून त्यावर मातीचे खापे बसलेले, आणि सांध्यातील पोलादी गोळ्या निखळून पडलेल्या. जी वस्तू काही शेकडे रुपयांत बदलता आली असती ती न पाहिल्यामुळे एवढा प्रसंग ओढवला.

आवाज कोठून उत्पन्न होतो

जुन्या ॲम्बॅसडर व फियाट या गाड्यांत इंजिनाचा जोर मागील चाकांस जात असे. पुढील चाकांचे काम केवळ वळण्याचे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली, आणि पुढील चाकांनीच ओढली जाणारी मोटार आपल्याकडे घरोघरी पोचू लागली. आजच्या बहुतेक लहान मोटारी याच जातीच्या आहेत. यांत पुढील चाकास दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : गाडी ओढावयाची आणि वळावयाचेही.

ही दोन्ही कामे साधावीत म्हणून गिअरबॉक्सपासून प्रत्येक पुढील चाकापर्यंत एक पोलादी दांडा जातो. त्यास ॲक्सल म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांस सांधे असतात. आतील सांधा चाक खालीवर होताना दांड्यास लांबी कमीजास्त करू देतो. चाकाजवळील बाहेरचा सांधा दांडा फिरत असतानाच चाकास वळू देतो. यांनाच मिस्त्री लोक सी. व्ही. जॉइंट म्हणतात, अर्थ इतकाच की, सांधा वाकला तरी दोन्ही बाजू समान वेगाने फिरतात. जुन्या फुलीच्या सांध्यात हा गुण नव्हता. तो वाकवून फिरविला म्हणजे पुढची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद फिरे, आणि चाक हिसके देई. अमेरिकेत फोर्ड कंपनीतील आल्फ्रेड रझेप्पा या यंत्रज्ञाने 1920 नंतरच्या दशकात सहा गोळ्यांचा सांधा काढून ही अडचण दूर केली. 1959 साली इंग्लंडात निघालेल्या मिनी या लहान मोटारीत तो वापरला गेला, आणि पुढे जगभर रूढ झाला.

या सांध्याची रचना समजण्यास कठीण नाही. आत खोबणी पाडलेला एक गोळा, बाहेर तशाच खोबणींची एक वाटी, आणि दोहोंच्या मध्ये पिंजऱ्यात बसविलेल्या सहा पोलादी गोळ्या. सर्व जोर या गोळ्यांवरून चाकाकडे जातो. आत काळे ग्रीस भरलेले असते व वरून घडीघडीचा रबरी बूट पट्ट्यांनी आवळलेला असतो. बैलगाडीच्या आसास वंगण नसले तर काय होते हे आपणांस सांगावयास नको. येथे फरक एवढाच की, हे वंगण कंपनीत एकदाच भरतात, आणि ते राखण्याचे सर्व काम त्या रबरी बुटावर असते.

रबर उन्हाने व वयाने तडकते. शेताच्या वाटेवरील खुंट, काटे व दगड त्यास ओरखडतात. एक चीर पडली की फिरत्या दांड्याच्या वेगाने ग्रीस बाहेर उडते, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत चिखलपाणी आत शिरते. रेतीमिश्रित ग्रीस म्हणजे पोलादास सहाणच होय. खोबणीत खळगे पडतात. गाडी सरळ जाते तेव्हा गोळ्या खोबणीच्या मधल्या भागातच राहतात; पण चाक पूर्ण वळविले म्हणजे त्या खोबणीत मागेपुढे सरकू लागतात, आणि प्रत्येक गोळी जोराखाली खळग्यातून उडी मारते. ती उडी म्हणजेच आपण ऐकतो ती कटकट. म्हणून ती वळणावर येते, चाकाच्या गतीबरोबर भरभर होते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की वाढते.

सांधा मुळीच तुटला तर इंजिन चालू असूनही गाडी का हलत नाही, हेही येथे सांगून टाकतो. गिअरबॉक्समधील डिफरन्शियल दोन्ही चाकांस जोर वाटून देते. एक बाजू मोकळी झाली म्हणजे सारा फेरा त्या मोकळ्या बाजूसच जातो व दुसरे चाक स्वस्थ उभे राहते.

प्रथम जबाब घ्यावा

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी धन्याने गाडीस पुढील प्रश्न विचारावेत. मोकळे सपाट मैदान पाहावे, काचा खाली कराव्या, गाणी व पंखा बंद ठेवावा आणि एका माणसास बाहेर, गाडीपासून दूर, उभे करावे.

पहिला प्रश्न : आवाज गाडी उभी असताना येतो की चालताना? उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवावे. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असल्यास ते शेवटच्या टोकास फार वेळ दाबून धरू नये. पंपावर ताण येतो. उभ्या गाडीत आवाज येत असेल तर सी. व्ही. जॉइंटवर संशय घेण्याचे कारण नाही, कारण तेव्हा तो फिरतच नाही.

दुसरा प्रश्न : आवाज तालात आहे की एकदाच होतो? माणसाच्या चालीच्या वेगाने गाडी प्रथम पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे गोल फिरवावी. अधूनमधून ॲक्सिलरेटर किंचित दाबावा. तालबद्ध कटकट होऊन ती वेगाबरोबर वाढली तर बाहेरचा सांधा बहुधा गेला आहे. हाच प्रयोग मागे घेतानाही करावा.

तिसरा प्रश्न : कोणत्या वळणास येतो? उजवीकडे वळताना आवाज आला तर सामान्यतः डावा सांधा व डावीकडे वळताना आला तर उजवा सांधा दोषी असतो, कारण बाहेरच्या चाकावर भार अधिक पडतो. तथापि हा नियम पक्का नव्हे; आवाज पत्र्यातून फिरून भलतीकडे ऐकू येतो. म्हणून दोन्ही बाजू पाहिल्यावाचून निकाल करू नये.

चौथा प्रश्न : सरळ रस्त्यावरही येतो काय? येत असेल तर टायरच्या नक्षीत अडकलेला खडा, सैल झालेली चाकाची टोपी किंवा सैल नट यांचा तपास आधी करावा.

पाचवा प्रश्न, आणि हा बहुतेक जण विसरतात : गाडीच्या पुढील चाकांस जोर जातो की मागील? याचे महत्त्व मला कसे कळले ते सांगतो.

एका निकालावरून दुसरा देऊ नये

माझी गाडी दुरुस्त झाल्यावर मी गावात या विषयातील जाणता समजला जाऊ लागलो. गेल्या मिरचीच्या हंगामात एके संध्याकाळी शेजारी आपली पिकअप घेऊन दारात आले व म्हणाले, “भाऊसाहेब, जरा ऐका बरे. तुमच्या गाडीसारखाच आवाज येतो आहे. आणि वाशीचा माल तर भरून झाला आहे.” मी ओटीवरूनच ऐकले, आणि मोठ्या ऐटीत सांगितले, “सांधा गेला. आज रात्र हळू काढा, उद्या पाहू.” त्यांचा धाकटा मुलगा पुढे होऊन म्हणाला, “पण काका, आमच्या गाडीला पुढे ॲक्सलच नाहीत. ही मागच्या चाकांवर चालते.”

मी ओशाळलो व बॅटरी घेऊन खाली उतरलो. उजव्या पुढील चाकाची टोपी काढली तो दोन नट नाहीसे झालेले, आणि राहिलेले बोटांनी फिरत होते. दुपारी पंक्चर काढल्यावर पान्ह्याने आवळण्याचे राहून गेले होते. माझ्या शब्दावर भरवसा ठेवून ती भरलेली गाडी रात्री अहमदाबाद महामार्गास लागली असती तर काय झाले असते, हे लिहिण्याची गरज नाही. ज्या चुकीबद्दल मी मिस्त्रीस दोष दिला तीच मी केली होती : जागा न पाहता हुकूम. त्या दिवसापासून कोणताही कटकट आवाज आला की प्रथम चाकाचे नट पान्ह्याने तपासावेत, हा माझा पहिला नियम झाला आहे. त्यास एक पैसा लागत नाही व पाच मिनिटे पुरतात.

स्थळपाहणी

गाडी कठीण सपाट जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, मागील चाकांस दगडाची अटकण द्यावी. शेतातील भुसभुशीत जमिनीवर जॅक लावू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालू नये. घोडी लावल्यावाचून खाली जाणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय.

बूट पाहण्यास गाडी उचलावीच लागते असे नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूस वळवून इंजिन बंद करावे व चाकामागे बॅटरीचा उजेड पाडावा. बुटाच्या घड्या बोटाने उघडून पाहाव्यात, कारण चीर घडीच्या तळाशी लपते. रिमच्या आतील बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला आहे असे समजावे.

चाक उचलल्यावर ते वरून व खालून धरून हलवावे. ढिलेपणा जाणवला तर खालचा बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे. डावीउजवीकडून धरून हलविताना ढिले लागले तर टाय रॉडचे टोक पाहावे. यांपैकी बॉल जॉइंट सर्वांत घातक. तो निखळला तर चाक आडवे पडते व गाडी ताब्यात राहत नाही. ढिला बॉल जॉइंट दिसला तर गाडी चालवीत गॅरेजात नेऊ नये. मिस्त्रीस घरी बोलवावे.

इतर आवाजांची ओळख येणेप्रमाणे :

1. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरविताना एक-दोनदा ‘टण्’ असा आवाज होऊन स्प्रिंग झटक्याने फिरल्यासारखी वाटली, तर शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्यावरील बेअरिंग गेले असावे. बॉनेट उघडून माथ्यावर हात ठेवावा व दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवावे. धक्का हातास कळतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटे घालू नयेत.

2. खड्ड्यातून जाताना ‘खट् खट्’ होते आणि वळण्याशी त्याचा संबंध नसतो, तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे रबरी बुश झिजले असावे.

3. आवाज स्टिअरिंगच्या चाकातूनच येतो, हॉर्न मधूनच वाजत नाही किंवा एअरबॅगचा दिवा लागतो, तर आतील तारांची गुंडाळलेली पट्टी बिघडली असावी. हे काम घरी उघडू नये. एअरबॅग अकस्मात फुटण्याचा धोका असतो.

4. सरळ जाताना जोर दिला की गाडी थरथरते, पण कटकट होत नाही, तर दोष बहुधा आतील सांध्याचा असतो.

5. चारही चाकांस जोर देणाऱ्या काही गाड्यांत तो जोर लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर तीव्र वळण घेतले तर यंत्र आतल्या आत ताणले जाऊन हिसके व आवाज होतात. चिखल संपला की गाडी दोन चाकांवर आणावी.

हुकूम, म्हणजे इलाज

बूट फाटला आहे पण आवाज सुरू झालेला नाही, अशी स्थिती सापडली तर आपण वेळेवर पोचलो असे समजावे. सांधा सोडवून, धुऊन, गोळ्या व खोबणी तपासाव्यात. त्यास लागणारेच ग्रीस भरावे व नवा बूट नव्या पट्ट्यांनी बसवावा. बैलगाडीचे किंवा साधे पिवळे ग्रीस येथे चालत नाही.

आवाज सुरू झाला असेल तर नवे ग्रीस भरून उपयोग नाही; पडलेला खळगा भरून येत नाही. आवाज चार दिवस दबेल, दोष दबणार नाही. सांधा, किंवा अखंड ॲक्सल, बदलावा. नवा सांधा घेताना जुना सोबत नेऊन दात्यांची संख्या, आणि एबीएस असल्यास त्याचे कडे, जुळवून पाहावे.

काम चालू असताना तीन गोष्टींवर नजर असावी. ॲक्सल ओढून काढला की गिअरबॉक्सचे तेल सांडते. ते पुन्हा मापाने भरले गेले पाहिजे व सील गळत नाही हे पाहिले पाहिजे. ॲक्सलचा मधला नट कंपनीने सांगितलेल्या जोरानेच आवळावा, आणि तो सैल असताना गाडी चाकांवर टेकवून ढकलू नये, बेअरिंग बिघडते. चाकाचे नट समोरासमोर आळीपाळीने आवळावेत, व पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. टाय रॉडला हात लागला असेल तर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. न केल्यास टायर एका कडेने झिजतात.

मिस्त्रीशी व्यवहार करतानाही जबाब स्पष्ट द्यावा. ‘गाडी आवाज करते’ एवढे सांगू नये. ‘उजवीकडे पूर्ण वळून जोर दिला की डावीकडे तालात कटकट होते, उभी असताना होत नाही’ असे सांगावे, व त्यास शेजारी बसवून ती ऐकवावी. काय बदलावयाचे व का, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारावे. काढलेला भाग परत मागावा व डोळ्यांनी पाहावा. प्रामाणिक मिस्त्रीस याचा राग येत नाही. त्याचे कामच सोपे होते.

शेवटी एक सूचना. आपण दसऱ्यास गाडी धुतो, तिला झेंडूची माळ घालतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो व बुटास चीर पडली असेल तर चिखल आत जाऊन फार दिवस झालेले नसतात. तेव्हा माळ घालण्यापूर्वी दोन्ही बाजूंस स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे उजेड पाडावा, आणि नटांवर एकदा पान्हा फिरवावा. मृगापूर्वी, पेरणीची धांदल सुरू होण्याआधी, हेच पुन्हा करावे. ज्या रात्री घरातील मूल तापाने फणफणत असेल, त्या रात्री ही दोन वेळची पाहणी केली होती की नाही ते आपणांस आठवेल.